सात जणांचा संसार : ४६० स्क्वाड्रनची वाटचाल

रॉयल ऑस्ट्रेलियन एअर फोर्सची ४६० क्रमांकाची स्क्वाड्रन १५ नोव्हेंबर १९४१ रोजी इंग्लंडमधल्या मोल्सवर्थ विमानतळावर स्थापन झाली आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी ईस्ट कर्कबी इथे बरखास्त झाली. मधला काळ पुरता चार वर्षांचाही नाही. एवढ्या अवधीत तिच्या विमानांनी सहा हजारांहून अधिक मोहिमा उडवल्या आणि २४,८५६ टन बॉम्ब टाकले. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधल्या दुसऱ्या कोणत्याही स्क्वाड्रनने इतका भार वाहिला नव्हता. त्यापायी १८८ विमाने गेली. १,०१८ माणसे गेली. त्यांतली ५८९ ऑस्ट्रेलियाची होती. स्क्वाड्रनमध्ये एका वेळी उड्डाण करणारे साधारण दोनशे जण असत. त्या हिशेबाने ही स्क्वाड्रन पाच वेळा संपली आणि पाचही वेळा नव्या मुलांनी भरून निघाली.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की अध्यक्षांची नामावळी, इमारतींचे कोनशिला समारंभ आणि वार्षिक अहवाल हाताशी येतात. ४६०च्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. तिचे प्रमुख आले आणि गेले, तळ बदलले, विमानांच्या जाती बदलल्या. बदलला नाही तो एकच घटक : एका विमानात बसणारा क्रू, बहुतेक काळ सात जणांचा. एकत्र जेवणारा, एकाच झोपडीवजा बराकीत झोपणारा, रजेवर एकत्र जाणारा आणि बहुतेक वेळा एकत्रच मरणारा. स्क्वाड्रनची खरी गोष्ट या सात-सात जणांच्या तुकड्यांची आणि त्यांची विमाने उडती ठेवणाऱ्या जमिनीवरच्या माणसांची आहे.

१९३० चे दशक सरताना : पाया

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनकडे विमाने बांधण्याची क्षमता होती, पण ती उडवायला पुरेशी माणसे नव्हती. १७ डिसेंबर १९३९ रोजी कॅनडातल्या ओटावा इथे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात करार झाला आणि साम्राज्याच्या हवाई प्रशिक्षणाची एक अवाढव्य योजना उभी राहिली. तिच्यातून ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात ३७,००० हून अधिक वैमानिक, नेव्हिगेटर, वायरलेस ऑपरेटर आणि गनर तयार केले.

या योजनेत नाव नोंदवणाऱ्यांत मेंढ्यांच्या कुरणांवर काम करणारे होते, बँकेतले कारकून होते, शाळामास्तर होते, गव्हाची शेती करणारे होते. न्यू साउथ वेल्समधल्या कुलामन-गॅनमेन परिसरातून आलेले बिल ब्रिल आणि आर्थर डबलडे हे दोघे शेतकरी या पिढीचे चांगले प्रतिनिधी ठरतात. दोघांनी सुरुवातीच्या काळात ४६० मध्येच उड्डाणे केली आणि दोघेही पुढे स्वतंत्र स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. सिडनीजवळच्या ब्रॅडफील्ड पार्कमध्ये कवायत आणि गणित, नॅरोमाइनसारख्या ठिकाणी टायगर मॉथ विमानावर पहिली उड्डाणे, मग अनेकांसाठी जहाजाने प्रशांत महासागर ओलांडून कॅनडा आणि तिथून अटलांटिकपलीकडे इंग्लंड, असा तो मार्ग होता. पहिला बॉम्ब टाकण्याआधीच या मुलांनी अर्धी पृथ्वी पालथी घातलेली असे.

करारात ऑस्ट्रेलियन नावाच्या स्क्वाड्रन उभारण्याचे कलम होते. त्यांवर अधिकार कोणाचा, माणसे कोण नेमणार, बढत्या कोण देणार यावरून लंडन आणि मेलबर्न यांच्यात बराच पत्रव्यवहार झाला. कालांतराने मार्ग निघाले. काम थांबले नाही, हे इथे महत्त्वाचे.

१९४० चे दशक : यॉर्कशायरमधली उभारणी

४६०ची सुरुवात ४५८ क्रमांकाच्या ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनच्या एका तुकडीपासून झाली. पहिले प्रमुख विंग कमांडर हबर्ड हे ब्रिटिश हवाई दलातले होते. जानेवारी १९४२ च्या पहिल्या आठवड्यात स्क्वाड्रन यॉर्कशायरमधल्या ब्रायटन गावाजवळच्या तळावर गेली. नावात साम्य असले तरी हे दक्षिणेकडचे समुद्रकाठचे शहर नव्हे. चिखल, धुके आणि हाडे गोठवणारी थंडी अशी त्या सपाट शेतजमिनीवरच्या तळाची पहिली ओळख होती. हाताशी वेलिंग्टन ही दोन इंजिनांची विमाने होती. त्यांचा सांगाडा धातूच्या जाळीचा, वरून कापड ताणलेले.

त्याच काळात घरून बातम्या येत होत्या. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी खुद्द ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरावर बॉम्बफेक केली. आपला देश धोक्यात असताना आपण जगाच्या दुसऱ्या टोकाला काय करतो आहोत, हा प्रश्न त्या मुलांच्या मनात आला नसेल असे म्हणता येत नाही. पण हुकूम होता आणि विमानातले सोबती होते. डार्विननंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १२ मार्चच्या रात्री, ४६०ची वेलिंग्टन विमाने उत्तर जर्मनीतल्या एम्डेन बंदरावर पहिल्यांदा चालून गेली. ३० मेच्या रात्री कोलोन शहरावर एक हजारांहून अधिक विमाने एकाच वेळी पाठवण्यात आली. ४६० त्यातही होती.

१९४२ च्या उन्हाळ्याअखेर चार इंजिनांच्या विमानांचे वेध लागले. आधी हॅलिफॅक्स विमानांवर सराव झाला, पण ती घेऊन मोहिमेवर जाण्याची वेळ आली नाही. ऑक्टोबरमध्ये लँकेस्टर आली आणि तिथून पुढे युद्ध संपेपर्यंत ४६० आणि लँकेस्टर ही दोन नावे वेगळी काढता येत नाहीत.

१९४० चे दशक : सात माणसे, एक विमान

लँकेस्टरमध्ये सात जागा होत्या. पुढे डावीकडे वैमानिक. हुद्दा काहीही असो, विमानाचा कप्तान तोच. त्याच्या शेजारी इंजिनांवर आणि पेट्रोलच्या टाक्यांवर नजर ठेवणारा फ्लाइट इंजिनीअर; हा बहुतेक वेळा ब्रिटिश असे, कारण ऑस्ट्रेलियात या कामाचे प्रशिक्षण फारसे झाले नव्हते. पडद्याआड मंद दिव्याखाली नकाशावर वाकलेला नेव्हिगेटर. त्याच्यामागे वायरलेस ऑपरेटर. नाकाच्या काचेत पालथा पडून लक्ष्य पाहणारा बॉम्ब एमर. पाठीवरच्या घुमटात एक गनर आणि सगळ्यांपासून तुटलेला, शेपटीच्या टोकाला, दुसरा गनर. वीस हजार फुटांवर शेपटीकडचे तापमान शून्याखाली कितीतरी अंश उतरे. विजेवर तापणारा पोशाख बिघडला तर बोटे काळी पडत. सात-आठ तासांची मोहीम असली तरी त्याला जागचे हलता येत नसे.

हे सात जण एकत्र कसे येत, ते सांगण्यासारखे आहे. सैन्यात सगळे काही यादीने होते, पण क्रू मात्र यादीने ठरत नसे. लिचफील्डसारख्या प्रशिक्षण तळावर वैमानिक, नेव्हिगेटर, गनर असे सगळे एका मोठ्या हँगरमध्ये सोडून दिले जात आणि आपापले साथीदार निवडा असे सांगितले जाई. स्थळे बघण्याचा कार्यक्रमच तो, फक्त मध्यस्थाशिवाय. कोणी चेहरा पाहून, कोणी गाव विचारून, कोणी परीक्षेतले गुण ऐकून हो म्हणे. संध्याकाळपर्यंत बहुतेकांची जुळणी झालेली असे. ब्रिस्बेनचा शेतकरी, ग्लासगोचा गिरणी कामगार आणि मेलबर्नचा विद्यार्थी असे तिघे त्या दिवसापासून एकमेकांच्या हवाली होत. १,०१८ मृतांपैकी ४२९ जण ऑस्ट्रेलियाबाहेरचे होते, ते याचमुळे. नावाने ऑस्ट्रेलियन असलेल्या या स्क्वाड्रनवर ब्रिटनचाही तेवढाच हक्क आहे, ही गोष्ट इथे ठळकपणे नोंदवली पाहिजे.

तीस मोहिमांची एक फेरी असे. ती पूर्ण झाली की काही महिने प्रशिक्षकाचे काम आणि मग दुसरी फेरी. १९४३ मध्ये पहिली फेरी पुरी करणारे क्रू अल्पसंख्य होते. पंधरावी, सोळावी मोहीम आली की बराकीतले बाकीचे त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागत. लँकेस्टर उत्तम विमान होते, पण पेटल्यावर त्यातून बाहेर पडणे फार कठीण होते. पुढच्या भागातल्या मंडळींसाठी जमिनीकडे उघडणारे एक अरुंद दार, ते पॅराशूट बांधलेल्या माणसाला जेमतेम पुरे. पडलेल्या लँकेस्टरमधून सातांपैकी फार थोडे जण वाचत.

सकाळी रिकाम्या राहिलेल्या पलंगांपाशी एक छोटी समिती येई. कपडे, पत्रे, वस्तू यांची यादी करी. घरी पाठवू नये असे काही असेल तर बाजूला काढी. दुपारपर्यंत त्याच पलंगांवर नवे सात जण येत.

१९४० चे दशक : बिनब्रुक

१४ मे १९४३ रोजी स्क्वाड्रन लिंकनशायरमधल्या बिनब्रुक इथे हलली आणि युरोपातले युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिली. तळ टेकडीवर होता. वारा सतत वाहता. तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन ह्यूई एडवर्ड्स हे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलचे. १९४१ मध्ये ब्रेमेनवरच्या हल्ल्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळाले होते. तळाची जबाबदारी अंगावर असूनही ते अधूनमधून क्रूसोबत मोहिमेवर जात. गावकऱ्यांनी या परदेशी पोरांना घरातल्यासारखे वागवले. गावातला पब हा त्यांचा दुसरा मेस झाला. गावाचे आणि स्क्वाड्रनचे नाते युद्धानंतरही टिकले, ही बिनब्रुकच्या लोकांची थोरवी.

इथे जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण बहुतेक वर्णनांत ते एका ओळीत उरकले जातात. उडणारे येत आणि जात. फिटर, रिगर, इलेक्ट्रिशियन, आर्मरर मात्र तिथेच राहत, वर्षानुवर्षे. त्यांच्यात ऑस्ट्रेलियन मोठ्या संख्येने होते. विमाने तळाच्या कडेला दूरदूर उघड्यावर उभी असत, त्यामुळे इंजिनाची दुरुस्ती पावसात आणि बर्फात, हातमोजे काढून करावी लागे. रात्री विमान गेले की हे लोक झोपत नसत. पहाटे आपल्या विमानाचा आवाज ओळखून ते जागेवरून उठत. तो आवाज आला नाही तर सकाळी नवे विमान, नवा क्रू, पुन्हा पहिल्यापासून. कामाचा धोकाही कमी नव्हता. ३ जुलै १९४३ रोजी विजेच्या बिघाडामुळे एका भरलेल्या लँकेस्टरमधून बॉम्ब जमिनीवर निखळले. त्या स्फोटांत दोन विमाने नष्ट झाली आणि आणखी काहींचे नुकसान झाले. ब्रिटिश महिला दलातल्या तरुणी पॅराशूटच्या घड्या घालत, क्रूंना गाडीतून विमानापर्यंत पोहोचवत, रेडिओवर परतणाऱ्यांचे आवाज टिपत. त्यांची नावे पदकांच्या याद्यांत फारशी नाहीत, पण त्यांच्याशिवाय एकही लँकेस्टर उडाली नसती.

१९४३ च्या वसंतात रूरचे औद्योगिक खोरे, जुलैअखेर हॅम्बर्ग, ऑगस्टमध्ये पेनेम्युंडेचे रॉकेट केंद्र आणि नोव्हेंबरपासून बर्लिन. बर्लिनचा हिवाळा स्क्वाड्रनला सर्वांत महाग पडला. २ डिसेंबरच्या रात्री बिनब्रुकहून २५ लँकेस्टर निघाल्या आणि त्यांतल्या पाच परतल्या नाहीत. त्या रात्री दोन पत्रकारही ४६०च्या विमानांतून गेले होते. एक सिडनीचा नॉर्मन स्टॉकटन. दुसरा नॉर्वेचा प्रसिद्ध कवी आणि नाटककार नॉर्डाल ग्रीग. दोघेही मारले गेले. ग्रीग यांची कविता तेव्हा जर्मनव्याप्त नॉर्वेत चोरून वाचली जात होती. त्यांचे विमान बर्लिनजवळच्या क्लाइनमाखनोव गावापाशी पडले. तिथे आज स्मृतिशिला आहे. नॉर्वेच्या साहित्याचा इतिहास आणि ऑस्ट्रेलियाच्या एका स्क्वाड्रनचा इतिहास तिथे एकाच जागी येऊन थांबतो.

दुसरी रात्र २७ एप्रिल १९४४ ची. अॅडलेडमध्ये जन्मलेली, १९१४ पासून युरोपातच राहिलेली चित्रकार स्टेला बोवेन हिची ऑस्ट्रेलियाने अधिकृत युद्धचित्रकार म्हणून नेमणूक केली होती. एका पूर्ण क्रूचे समूहचित्र करावे म्हणून ती बिनब्रुकला आली. स्क्वाड्रन लीडर एरिक जार्मन यांचा क्रू तिच्यासमोर बसला. तिने प्रत्येकाचे चेहरे कागदावर उतरवून घेतले. त्याच रात्री ते सातही जण कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या फ्रीड्रिशहाफेनवर गेले. तिथे रणगाड्यांची इंजिने आणि गिअरबॉक्स बनवणारे कारखाने होते. ३२२ लँकेस्टरपैकी १८ परतल्या नाहीत. जार्मन यांचे विमान त्यांत होते. सातांतला फक्त एक जण वाचला आणि युद्धकैदी झाला.

बोवेनने चित्र पूर्ण केले. रेखाटने आणि छायाचित्रे समोर ठेवून, जे आता परत येणार नाहीत अशांचे डोळे, ओठ, हनुवट्या तिने रंगवल्या. हे काम तिला फार जड गेले. 'बॉम्बर क्रू' हे तिचे चित्र आज कॅनबेराच्या युद्ध स्मारकात आहे. स्क्वाड्रनविषयीच्या कोणत्याही अहवालापेक्षा त्या सात चेहऱ्यांतून जास्त कळते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. सगळे तरुण आहेत. कोणीही शूर दिसण्याचा प्रयत्न करत नाही.

१९४० चे दशक : जॉर्ज आणि शेवटच्या मोहिमा

स्क्वाड्रनच्या विमानांत एकाला वेगळे स्थान मिळाले. इंग्रजी 'जी' अक्षराचे, म्हणून 'जी फॉर जॉर्ज'. ६ डिसेंबर १९४२ रोजी मानहाइमवर त्याची पहिली मोहीम झाली, २० एप्रिल १९४४ रोजी कोलोनवर शेवटची. एकूण ९० मोहिमा. बहुतेक जड बॉम्बर विसाव्या मोहिमेआधी पडत, त्या काळातली ही गोष्ट. तोफांच्या तुकड्यांनी त्याची चाळण केली, इंजिने बंद पडली, पण त्यातून गेलेला प्रत्येक जण जिवंत परत आला. श्रेय नशिबाचे म्हणावे तर म्हणावे. पण प्रत्येक वेळी ते विमान पुन्हा उडण्याजोगे करणाऱ्या फिटरांचे श्रेय त्याहून मोठे. ऑक्टोबर १९४४ मध्ये पदकविजेत्या क्रूने ते अटलांटिक आणि प्रशांत महासागरावरून ऑस्ट्रेलियाला नेले. नोव्हेंबरमध्ये ते ब्रिस्बेनजवळ उतरले आणि १९४५ मध्ये युद्धकर्ज उभारण्यासाठी देशभर फिरले. ज्यांची मुले परत येणार नव्हती अशा आईवडिलांनी त्याला हात लावून पाहिला.

१९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या लढाईसाठी रेल्वे, पूल आणि तोफखाने ही लक्ष्ये झाली. शरद ऋतूपासून पुन्हा शहरे. हॅम्बर्गमध्ये १९४३ च्या जुलैअखेर सुरू झालेल्या दहा दिवसांच्या हल्ल्यांत सुमारे चाळीस हजार माणसे मेली होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेसडेनमध्ये सुमारे पंचवीस हजार. दोन्ही ठिकाणी ४६०ची विमाने होती. गौरवग्रंथात या ओळी लिहिणे सोपे नाही, पण त्या गाळून स्क्वाड्रनचा इतिहास पूर्ण होत नाही. हिटलरच्या राजवटीचे युद्धयंत्र मोडण्यासाठी ही मोहीम लागली, असे बहुतेक जण मानत. तरी खाली पेटलेले शहर ज्यांनी पाहिले त्यांच्यापैकी अनेक जण ते दृश्य आयुष्यभर बरोबर घेऊन जगले आणि त्याबद्दल घरीही फारसे बोलले नाहीत.

शेवटची बॉम्बफेक २५ एप्रिल १९४५ रोजी झाली, बेर्खटेसगाडेनवर, जिथे हिटलरचे डोंगरातले घर होते. ऑस्ट्रेलियासाठी तो अँझॅक दिवस, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत याच विमानांच्या पोटात बॉम्बऐवजी पिठाची, डाळींची, सुक्या अन्नाची पोती भरली गेली. नेदरलँड्समध्ये लाखो लोक उपाशी होते. जर्मन सैन्य अजून तिथेच होते. तडजोडीने ठरलेल्या मार्गावरून, अगदी खालून उडत, लँकेस्टरनी ते अन्न टाकले. छपरांवर आणि शेतांत लोक चादरी हलवत उभे होते. स्क्वाड्रनमधल्या अनेकांनी पुढे सांगितले की युद्धातल्या इतर कशाहीपेक्षा त्यांना हे काम आठवते. मग युद्धकैद्यांना जर्मनीतून घरी आणण्याचे काम आले. महिन्यापूर्वी कुंपणाआड असलेले जुने सोबती लँकेस्टरच्या जमिनीवर दाटीवाटीने बसून इंग्लंडला परतले.

जपानविरुद्धच्या लढाईसाठी स्क्वाड्रनला पूर्वेकडे नेण्याचा बेत होता. जुलैमध्ये ती ईस्ट कर्कबीला हलली. ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि ऑक्टोबरात स्क्वाड्रन बरखास्त झाली.

घरी परतलेल्यांपैकी काहींचे स्वागत थंड झाले. जपानशी लढलेल्यांच्या मानाने युरोपात लढलेल्यांकडे देशाचे लक्ष कमी होते. ऑस्ट्रेलियाच्या एकूण सैन्यभरतीत बॉम्बर कमांडमध्ये गेलेले सुमारे दहा हजार जण, म्हणजे शेकडा दोनही नाहीत. लढाईत मेलेल्या ऑस्ट्रेलियनांत मात्र त्यांचा वाटा जवळजवळ पाचवा.

१९५० आणि १९६० ची दशके : शोध आणि नोंदी

युद्ध संपताच सुरू झालेले पहिले काम बेपत्ता माणसे शोधण्याचे होते. शोधपथकांनी जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमधल्या गावांत फिरून, पाद्र्यांच्या नोंदवह्या पाहून, अवशेष खणून ओळख पटवली. ज्यांचा ठाव लागलाच नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर कोरली आहेत. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्याचे अनावरण केले. ४६०ची कितीतरी नावे तिथे आहेत.

जॉर्ज काही वर्षे कॅनबेराच्या विमानतळावर उन्हापावसात उभा होता. पन्नासच्या दशकात त्याला युद्ध स्मारकात जागा मिळाली आणि पुढच्या पिढ्यांच्या शाळकरी मुलांना लँकेस्टर म्हणजे जॉर्ज एवढेच माहीत राहिले. जॉन हेरिंग्टन यांनी लिहिलेला ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या युरोपातल्या युद्धाचा अधिकृत इतिहास १९५४ आणि १९६३ मध्ये दोन खंडांत आला. डॉन चार्लवुड या शेजारच्या स्क्वाड्रनमधल्या ऑस्ट्रेलियन नेव्हिगेटरचे 'नो मून टुनाइट' १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बॉम्बर क्रूच्या आयुष्याचे ते अभिजात चित्रण ठरले. ४६० मध्ये स्वतः उड्डाण केलेल्या पीटर फर्किन्स यांनी साठच्या दशकात स्क्वाड्रनचा इतिहास लिहिला. त्याचे शीर्षक त्यांनी स्क्वाड्रनच्या बोधवाक्यावरूनच घेतले : प्रहार करा आणि परता.

१९७० आणि १९८० ची दशके : मेळावे

ही वर्षे माजी सैनिकांच्या संघटनांची. वेगवेगळ्या राज्यांत अँझॅक दिवशी ४६०च्या फलकामागे रांगा लागत. नोकऱ्यांतून निवृत्त झालेले लोक आता बोलू लागले होते. क्रूमधले उरलेले एकमेकांना शोधत होते. ह्यूई एडवर्ड्स १९७४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. बिनब्रुकच्या धावपट्टीवरून या काळात लाइटनिंग जातीची जेट लढाऊ विमाने उडत होती. १९८८ मध्ये हवाई दलाने तो तळ सोडला. पुढच्याच वर्षी तिथे 'मेम्फिस बेल' या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. चित्रपट अमेरिकन बॉम्बर क्रूचा, पण मैदान ४६०चे.

१९९० आणि २००० ची दशके : जॉर्जची दुरुस्ती

चाळीस वर्षांहून अधिक काळ प्रदर्शनात राहून जॉर्जला गंज चढला होता. रंग मूळचा राहिला नव्हता आणि कित्येक भाग हरवले होते. १९९९ मध्ये युद्ध स्मारकाच्या तंत्रज्ञांनी तो उतरवून कॅनबेराच्या मिशेल भागातल्या कार्यशाळेत नेला. पुढची चार वर्षे त्यांनी खिळा न् खिळा तपासला. २००३ च्या अखेरीस तो युद्ध स्मारकातल्या अँझॅक हॉलमध्ये परतला. त्याच्याभोवती प्रकाश आणि ध्वनीच्या साहाय्याने बर्लिनची एक रात्र उभी करण्यात आली. हे प्रदर्शन पाहायला आलेल्या वृद्ध वैमानिकांपैकी काहींनी कॉकपिटच्या खिडकीकडे बोट दाखवून नातवंडांना आपली जागा दाखवली. स्मारकाच्या विस्ताराचे काम सुरू झाले तेव्हा जॉर्जला पुन्हा मिशेलच्या भांडारात नेण्यात आले.

२००५ मध्ये स्मारकाच्या आवारात बॉम्बर कमांडमध्ये सेवा केलेल्या ऑस्ट्रेलियनांसाठी नील डॉसन यांचे शिल्प उभे राहिले. साठ वर्षे उशीर झाला, ही खंत तिथे जमलेल्या मंडळींना होती आणि ती रास्त होती.

२०१० नंतर : पुनर्स्थापना आणि आजचे काम

२ जुलै २०१० रोजी ४६० स्क्वाड्रन कॅनबेरात पुन्हा स्थापन झाली. यावेळी तिच्याकडे विमाने नाहीत. उपग्रह आणि टेहळणीतून आलेल्या माहितीचे विश्लेषण करणे आणि लक्ष्यांविषयीची अचूक माहिती तयार करणे हे तिचे काम आहे. १९४३ मध्ये हेच काम भिंगाखाली हवाई छायाचित्रे पाहून चाले. रात्रीच्या मोहिमेआधी क्रूसमोर जो नकाशा उलगडला जाई, तो अशा कामाच्या आधाराने तयार होत असे. त्या वेळी लक्ष्यापासून कित्येक मैल दूर बॉम्ब पडत आणि त्याची किंमत खालच्या माणसांनी मोजली. नेमकेपणा हे आजच्या ४६०चे मुख्य काम आहे.

२८ जून २०१२ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचे स्मारक झाले. सात कांस्य पुतळे, मोहिमेवरून नुकताच परतलेला एक क्रू. त्या समारंभाला ऑस्ट्रेलियाहून नव्वदीला टेकलेले सैनिक गेले होते. २०१८ मध्ये लिंकन शहराजवळ आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्र सुरू झाले. तिथल्या पोलादी भिंतींवर ५८,००० नावे आहेत आणि प्रत्येक नावाची माहिती संगणकावर कोणालाही पाहता येते. कॅनबेरातल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने बेपत्ता हवाई सैनिकांच्या फायलींपैकी मोठा भाग लोकांसाठी खुला केला आहे. घरी पाठवलेल्या तारा, आईवडिलांची पत्रे, शेतकऱ्यांनी आणि पाद्र्यांनी दिलेले जबाब त्यांत आहेत.

या फायली आता नातवंडे आणि पणतवंडे उघडतात. त्यांतून पुष्कळदा असे निघते की आपला आजोबा ज्या सहा जणांबरोबर उडाला, त्यांची घरे पर्थ, डनेडिन, यॉर्क किंवा ओटावा इथे आहेत. मग पत्रे जातात, भेटी ठरतात. बिनब्रुक गावातल्या स्मारकापाशी अशी कुटुंबे येतात. गावकरी त्यांना जुन्या धावपट्टीचे उरलेले तुकडे दाखवतात, विमाने कुठे उभी असत ते सांगतात आणि चहाला घरी बोलावतात.